निकोबारचे जंगल हरियाणात उगवत नाही

ग्रेट निकोबार बेटावर किती झाडे तुटतील, याचा आकडा केंद्र सरकारनेच २०२३ मध्ये संसदेत दिला आहे : ९ लाख ६४ हजार. त्यांची भरपाई म्हणून नवी झाडे लावण्यासाठी जमीन दाखवण्यात आली ती हरियाणात. बेट विषुववृत्तापासून अवघ्या सात अंशांवर, वर्षातले बहुतेक महिने पावसात भिजणारे. हरियाणातील जमीन तिथून अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर, कोरड्या हवेच्या पट्ट्यात. हरियाणाला झाडे हवीतच; तिथले वनाच्छादन राज्याच्या क्षेत्रफळाच्या चार टक्केही नाही. पण ती झाडे दाखवून निकोबारचे जंगल तोडण्याची परवानगी देणे हा हिशेबच मुळात खोटा आहे, आणि ग्रेट निकोबार प्रकल्पाची पर्यावरणीय मंजुरी याच हिशेबावर उभी आहे.

निती आयोगाच्या पुढाकाराने आलेल्या या प्रकल्पाचा खर्च सुरुवातीला ७२ हजार कोटी रुपये सांगितला गेला. गॅलाथिया उपसागरात मालवाहू जहाजांसाठी ट्रान्सशिपमेंट बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि एक नवे शहर, असे त्याचे स्वरूप आहे. सुमारे ९०० चौरस किलोमीटरच्या बेटावर १६६ चौरस किलोमीटर जागा त्यासाठी घेतली जाणार असून त्यातील १३० चौरस किलोमीटर जंगल आहे. आज बेटावर आठ हजारांच्या आसपास माणसे राहतात. पुढच्या काही दशकांत ती साडेतीन लाखांपर्यंत नेण्याचा आराखडा आहे. एवढ्या माणसांचे पाणी, सांडपाणी आणि कचरा हे बेट कसे पेलणार?

गॅलाथियाच्या वाळूत लेदरबॅक कासवे अंडी घालतात. जगातले हे सर्वांत मोठे कासव. त्याच्या पाठीवर कठीण कवच नसते, चामड्यासारखी जाड त्वचा असते. ते हजार मीटरहून खोल बुडी मारते आणि महासागर ओलांडते. लिटल अंदमानवर संशोधकांनी उपग्रह-यंत्र बसवलेल्या माद्यांपैकी काही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दिशेने, तर काही आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेल्या. इतका प्रवास करूनही मादी अंडी घालायला येते ती साधारणपणे आपल्या जन्माच्या किनारपट्टीवरच. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. वेळासच्या ग्रामस्थांनी गेली दोन दशके ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली ती हे ठाऊक असल्यामुळेच. किनारा काळोखा, मोकळा आणि उताराचा हवा. पिल्ले बाहेर पडली की उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालतात. किनाऱ्यावर दिवे असतील तर समुद्राऐवजी दिव्यांकडे जातात आणि मरतात. अहोरात्र चालणाऱ्या बंदरात काळोख कुठून आणणार? शिवाय लाटा अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतींमुळे उपसागराचे तोंडही अरुंद होणार आहे.

याच कासवांसाठी १९९७ मध्ये गॅलाथिया उपसागर अभयारण्य झाले. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ते रद्द करण्यास संमती दिली. त्याच सुमारास केंद्राच्याच सागरी कासव कृती आराखड्याने गॅलाथियाची नोंद देशातील महत्त्वाच्या कासव-स्थळांमध्ये केली होती. पुढे २०२२ मध्ये कासवांसाठी लिटल निकोबारवर, मेगापोड पक्ष्यासाठी मेंचल बेटावर आणि प्रवाळांसाठी मेरो बेटावर नवी अभयारण्ये जाहीर झाली. त्या बेटांना संरक्षण मिळाले हे चांगलेच. मात्र गॅलाथियाला येणाऱ्या मादीला त्या अधिसूचनेचा काही उपयोग नाही.

मेगापोडचेही तसेच. हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो आणि कुजणाऱ्या पाचोळ्याच्या उष्णतेवर ती उबवली जातात. बाहेर आलेले पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभे असते. वाळू आणि जंगल जिथे भेटतात ती अरुंद पट्टी म्हणजे त्याचे सारे जग, आणि बांधकामाला नेमकी तीच हवी आहे. २००४ च्या त्सुनामीने मेगापोडांची संख्या आधीच मोठ्या प्रमाणावर घटवली. त्सुनामीनंतर गॅलाथियाची वाळू पुन्हा साचली आणि कासवेही परतली. काँक्रीटनंतर तसे होण्याचा संभव नाही. निकोबारी माकड, झाडचिचुंद्री, ग्रेट निकोबारचा सर्पगरुड हे जीव तर या बेटसमूहाबाहेर कुठेच सापडत नाहीत. त्यांचे जंगल गेले तर त्यांना सरकून जायला दुसरे जंगल नाही.

वर्षावनाचा कस मातीत कमी आणि झाडांत जास्त असतो. पान गळते, बुरशी ते कुजवते, मुळे लगेच त्यातले सत्त्व शोषून घेतात. छत्र काढले की तोच पाऊस उघडी माती धुऊन समुद्रात नेतो आणि ती प्रवाळांवर बसते. प्रवाळांच्या १६ हजारांहून अधिक वसाहती उचलून दुसरीकडे लावण्याची योजना आहे. कागदावर ती सोपी दिसते; समुद्रात इतक्या मोठ्या प्रमाणावर ती यशस्वी होईल यावर आमचा विश्वास नाही.

या जंगलात माणसेही आहेत. २०११ च्या जनगणनेत २२९ इतकीच नोंद झालेले शोंपेन शिकार आणि कंदमुळांवर जगतात. त्यांतील बहुतेकांचा बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नाही आणि आपल्या साध्या आजारांशी लढण्याची ताकदही त्यांच्या शरीरात नाही. लाखो माणसे शेजारी आणणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे. त्सुनामीने उठवलेले निकोबारी लोक आपल्या जुन्या गावी परतू पाहत आहेत. त्यांच्या आदिवासी परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये आधी दिलेली संमती मागे घेतली. तरी काम पुढे रेटले गेले. ज्या भूकंपाने इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खाली गेली, तो विसरून त्याच किनाऱ्यावर शहर वसवण्याचा आग्रहही अनाकलनीय आहे.

संरक्षणाचा मुद्दा खरा आहे. मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडावरचे हे बेट देशासाठी मोलाचे आहे, आणि म्हणूनच कॅम्पबेल बे येथे २०१२ पासून ‘आयएनएस बाझ’ हा नौदलाचा तळ आहे. तो हवा तितका बळकट करावा. पण साडेतीन लाखांचे शहर आणि पर्यटकांची हॉटेले नौदलाला लागत नाहीत. व्यापाराचे म्हणाल तर ट्रान्सशिपमेंटसाठीच बांधलेले केरळातील विळिंजम बंदर सुरू झाले आहे आणि पालघरजवळ ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. मुख्य भूमीपासून इतक्या दूर, जिथे स्वतःचा माल नाही, तिथे आणखी एक बंदर कशासाठी, याचे पटेल असे उत्तर सरकारने दिलेले नाही.

२०१९ मध्ये आरेतील दोन हजारांवर झाडे रातोरात तोडली गेली तेव्हा मुंबई रस्त्यावर आली. निकोबारसाठी तसे कोणी येत नाही, कारण ते जंगल आपण पाहिलेलेच नाही. वास्तविक या बेटाशी आपले नाते आहे. १९६९ पासून तिथे वसवलेल्या माजी सैनिकांमध्ये महाराष्ट्रातील कुटुंबेही होती, आणि त्या वसाहतींच्या जमिनीही या प्रकल्पाच्या वाटेत आहेत.

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरीचा फेरविचार करायला समिती नेमली, तीही ज्या मंत्रालयाने मंजुरी दिली त्याच्याच सचिवांच्या अध्यक्षतेखाली. तिचा अहवाल गोपनीयतेचे कारण देऊन लोकांपुढे आणला गेला नाही. नौदलाच्या तळाचा तपशील झाकावा. कासवांची घरटी, झाडांची मोजणी आणि शोंपेनांच्या वनहक्कांची कागदपत्रे झाकण्याचे काहीच कारण नाही. हा अहवाल खुला होईपर्यंत झाडांना हात लावू नये. संरक्षणाची कामे शहरापासून वेगळी काढावीत आणि गॅलाथियाचे अभयारण्य पूर्ववत करावे. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांनी येत्या अधिवेशनात पक्षभेद बाजूला ठेवून हा अहवाल सभागृहाच्या पटलावर मागावा.