लुटुपुटूचा हंगाम

खांडेनवमीला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या पान्यांना आणि हातोड्यांना हळदकुंकू लागते. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, भोंगा वाजतो, फोटो निघतात. आणि मग पंधरा दिवसांच्या आत, बहुधा रात्रीच्या पाळीत, गव्हाण थांबते. कुठे कॅरियरची साखळी तुटलेली असते, कुठे मिलचे बेअरिंग तापलेले असते. साखर कारखानदारीत याला कोणी अपशकुन मानत नाही. हंगामाचा तो एक रिवाजच होऊन बसला आहे.

आमचे म्हणणे एवढेच, की खरी मोळी टाकण्याआधी एक मोळी संगणकात टाकून पाहावी. कारखान्याचा लुटुपुटूचा हंगाम तिथे आधी चालवावा, बिघाडही तिथेच होऊ द्यावेत. याला सिम्युलेशन म्हणतात आणि ते काही कालपरवाचे फॅड नाही. शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपनीत कीथ टॉकर यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस पोलाद कारखान्यासाठी असे संगणकीय प्रोग्राम लिहिले. 1963 मध्ये त्यांचे ‘द आर्ट ऑफ सिम्युलेशन’ हे पुस्तक आले. भट्टी क्रेनची वाट पाहते, क्रेन भट्टीची, आणि एक अडले की मागचे सगळे अडते, हाच त्यांच्यापुढचा पेच होता. आपल्याकडेही साखर कारखान्यातल्या यंत्रणा किती वेळ चालू स्थितीत राहतात, याचे गणित मांडणारे निबंध भारतीय संशोधकांनी 1980 च्या दशकातच लिहिले. ते निबंध ग्रंथालयात राहिले, गव्हाणीपर्यंत आले नाहीत.

साखर कारखाना ही एक लांबलचक साखळी आहे. कॅरियर, मिल, रस निवळण्याची यंत्रणा, इव्हॅपोरेटर, पॅन, सेंट्रिफ्युगल. यातला प्रत्येक टप्पा 95 टक्के वेळ धड चालतो असे धरा. ऐकायला उत्तम. पण सहा टप्पे एकापाठोपाठ असतील आणि मध्ये साठवणीला जागाच नसेल, तर सहाही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता 74 टक्क्यांच्याही आत येते. प्रत्यक्षात मध्ये रसाच्या, सिरपच्या टाक्या असतात आणि त्या थोडा दम घेऊ देतात. टाकी किती मोठी, ती भरेपर्यंत फिटर पोहोचतो का, यावर पुढचे सारे ठरते. हा हिशेब कागदावर बसत नाही, कारण बिघाड वेळापत्रक पाळून होत नाहीत. म्हणून संगणकाला चिठ्ठ्या काढायला लावायच्या: हे यंत्र या वेळी किती तास टिकले, दुरुस्तीला किती लागले. अशा चिठ्ठ्या काढत 120 दिवसांचा हंगाम हजार वेळा चालवायचा. उत्तर एका आकड्यात येत नाही. बरा हंगाम कसा जाईल, वाईट गेला तर किती वाईट जाईल, याचा अंदाज हाती येतो.

चिठ्ठ्यांवर लिहायचे आकडे मात्र कारखान्याकडेच आहेत. प्रत्येक कारखान्यात बंद तासांची नोंद होते: यांत्रिक, विद्युत, प्रक्रिया, साफसफाई आणि ‘नो केन’, म्हणजे ऊसच नाही. हंगाम संपल्यावर ही बेरीज अहवालात जाते, वार्षिक सभेत कोणीतरी तिच्यावरून चीफ इंजिनिअरला धारेवर धरतो, आणि वही कपाटात जाते. वहीचा खरा उपयोग तिथून पुढे सुरू व्हायला हवा.

कारण बेरीज फसवते. दिवसाला 2,500 टन गाळणारा कारखाना घ्या. तासाला साधारण 104 टन. एका हंगामात यांत्रिक बिघाडाने 40 तास गेले. हे 40 तास एक-एक तासाच्या 40 थांब्यांत गेले असतील, तर अड्ड्यावर, म्हणजे गेटबाहेरच्या गाड्यांच्या तळावर, दर वेळी शंभर टन ऊस तुंबतो आणि थोड्या वेळात जिरतो. तिथे ओरड होत नाही. पण बॉयलरचे हाल होतात, कारण दर थांब्याला वाफेचा दाब सावरत बसावे लागते आणि त्यात बगॅस, म्हणजे जळणाचा चोथा, जातो. तेच 40 तास एका दमात गेले, समजा गिअरबॉक्सने दगा दिला, तर चार हजार टनांहून अधिक ऊस दाराशी अडकतो. टायरगाडीत तीन टन धरला आणि सगळा ऊस गाड्यांनीच यायचा म्हटले, तर जवळपास चौदाशे गाड्या झाल्या. अहवालात दोन्हीकडे लिहिलेले असते ‘40’. पहिल्या रोगावर वंगण, साफसफाई, वेळेवर बदललेली साखळी हे औषध. दुसऱ्यावर स्टोअरमध्ये आणून ठेवलेला महागडा सुटा भाग. कोणत्या कारखान्याला कोणते औषध, हे बेरीज सांगत नाही. हजार हंगाम चालवून पाहिले तर कळू शकते.

दुरुस्तीच्या वेळेचेही तसेच. ‘तीन तास’ असे वहीत असते, पण त्यातला पाना चालल्याचा वेळ किती? फिटरला क्वार्टरमधून उठवून आणण्यात किती गेला, स्टोअरची किल्ली कोणाकडे हे शोधण्यात किती, आणि भाग पुण्याहून यायचा म्हणून नुसते बसण्यात किती? हे तुकडे वेगळे केले की मग नेमके प्रश्न विचारता येतात. रात्रपाळीला एक वेल्डर जास्त ठेवला तर? दर वीस दिवसांनी आठ तास ठरवून कारखाना बंद ठेवला, तर ते आठ तास परत मिळतात का? सुटे भाग लाखो रुपयांचे असतात. संगणकातला वेल्डर पगार मागत नाही.

यात एक खोट आहे, ती झाकून चालणार नाही. बंद तास ‘यांत्रिक’ म्हणून पडले तर इंजिनिअरिंग विभागाच्या माथी, ‘नो केन’ म्हणून पडले तर शेतकी विभागाच्या. दोन्ही साहेब एकाच चेअरमनपुढे उभे राहतात. अशा वेळी नोंद या रकान्यातून त्या रकान्यात सरकवण्याचा मोह होणारच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? संगणक खोट्या वहीवरूनही तितक्याच ऐटीत आलेख काढतो. म्हणून पहिले पथ्य हे, की बंद तासांच्या वहीवरून कोणाचे इन्क्रिमेंट अडवायचे नाही.

दुसरे पथ्य बीड जिल्ह्यातल्या परळीने शिकवले आहे. तिथल्या औष्णिक केंद्राचा 30 मेगावॅटचा पहिला संच 1971 चा. पुढे 210 आणि 250 मेगावॅटचे संच आले. 2013 च्या फेब्रुवारीत ते केंद्र बंद पडले, 2015 च्या जुलैत पुन्हा. यंत्रांनी दगा दिला म्हणून नव्हे. पाणी संपले म्हणून. नुसत्या यंत्रांचे संगणकातले प्रतिरूप कोणी केले असते, तर त्यात ते केंद्र ठणठणीत दिसले असते. बीडमध्ये कारखान्याचे प्रतिरूप करताना माजलगाव धरणातली पातळी आणि नोव्हेंबरातली उसाची आवक बाहेर ठेवून चालणार नाही.

आणि काही गोष्टी या खेळात घेऊच नयेत. 8 डिसेंबर 2017 ला परळीजवळ पांगरीच्या वैद्यनाथ कारखान्यात उकळत्या रसाची टाकी फुटली, कामगार भाजले, काहींचे जीव गेले. क्वचित घडणारे असे अपघात बंद तासांच्या वहीत आधी दिसत नाहीत. त्यांना चिठ्ठ्यांचा उपाय नाही. तिथे तपासणी हवी, जाड पत्रा हवा, आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस हवा.

एवढे सांभाळून हे काम फार खर्चाचे नाही. त्याची काही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. अंबाजोगाईत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि अंबासाखरचा साखर कारखाना तिथून फटफटीवर जाण्याच्या अंतरावर. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कुठल्यातरी जपानी मोटार कारखान्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण देण्यापेक्षा, तेलगाव, गढी किंवा अंबासाखरच्या कारखान्याच्या पाच हंगामांच्या वह्या द्याव्यात. मांजरीची वसंतदादा साखर संस्था तांत्रिक कार्यक्षमतेची बक्षिसे दर वर्षी देते. बिघाडाच्या खऱ्या नोंदी, लाज न बाळगता, सर्वांसाठी खुल्या करणाऱ्या कारखान्यालाही तिने एक बक्षीस द्यायला हरकत नाही. ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंगसाठी मिल उघडलेलीच असते. कोणते बेअरिंग दर जानेवारीत का जाते, हे त्या मुलांना सांगणारा जुना फिटर तेव्हा जवळ सापडेल.

राहता राहिला अड्डा. मिल बंद पडते तेव्हा कारखान्याचे नुकसान अहवालात येते. उसाचे वजन घटते ते शेतकऱ्याच्या अंगावर, पण निदान काटा ते दाखवतो. ऊसतोड कामगाराचे मात्र काहीच कुठे चढत नाही. त्याची मजुरी टनावर आहे. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तीही टनावरच. गव्हाण थांबली की ज्याची गाडी नंबरात अडकली तो रात्रभर बैलांपाशी बसतो, सकाळी फडात त्याचा कोयता उशिरा पोहोचतो, आणि मुकादमाची उचल तेवढी अंगावर राहते. बीडचा माणूस या रांगेत सांगली-कोल्हापुरापासून कर्नाटकापर्यंत उभा आहे. एखाद्या कारखान्याने एक वेल्डर वाचवला, तर त्याची किंमत कुठल्या फडात आणि कोणाच्या झोपेतून वसूल होते, हे कारखान्याच्या ताळेबंदात दिसणारच नाही. संगणकाच्या हंगामात मात्र रांग हाच मुख्य आकडा असतो. अशा सिम्युलेशनचे शास्त्र बरेचसे रांगांभोवतीच वाढले आहे. फक्त गेटच्या आतल्या टाक्यांबरोबर गेटबाहेरच्या गाड्याही त्यात धरायला हव्यात.

त्यासाठी येत्या हंगामापासून बंद तासांच्या वहीत एक रकाना वाढवावा: मिल थांबली तेव्हा अड्ड्यावर गाड्या किती होत्या, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा किती. गेटवरचा वॉचमनही तो भरू शकेल.