डिफेन्सला टाकलेला मुलगा

पावसाळा सरून मैदान वाळलं की आमच्या शाळेत दोन तक्रारी ठरलेल्या. एक, बूट फाटले. दुसरी, ट्यूशन बुडते. यंदा मात्र एकाच घरातून एकाच दिवशी दोन तक्रारी आल्या आणि दोन्ही अगदी वेगवेगळ्या.

सकाळी आठवीतल्या एका मुलाची आई आली. सलाम झाल्यावर बसायच्या आधीच म्हणाली, "सर, याचा फुटबॉल बंद करा. याचे अब्बा दिवसभर नालासोपाऱ्यात रिक्षा चालवतात ते कशासाठी? हा असरनंतर मैदानावर जातो तो मगरिब झाली तरी घरी नाही. आला की जेवतो आणि पुस्तकावर डोकं ठेवून झोपतो."

दुपारी तोच मुलगा दारात उभा. "सर, मला टीममधून काढायला सांगा ना."

आम्हाला वाटलं, आईने समजावलं असेल. तसं नव्हतं. गेल्या वर्षी तो पुढे खेळायचा, गोल मारायचा. यंदा उंची वाढली म्हणून आमच्या खेळाच्या सरांनी त्याला मागे उभं केलं. "ज्याला काही येत नाही त्याला डिफेन्सला टाकतात, सर," तो म्हणाला. 'टाकतात' हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू घरातून बाहेर काढलं असावं.

आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी. फुटबॉलमधलं आमचं ज्ञान मैदानाच्या कडेला उभं राहून जमलेलं. पण या दोघांना उत्तर द्यायचं म्हणून काही गोष्टी आठवल्या, काही खेळाच्या सरांकडून समजून घेतल्या. त्या वाचकांच्याही उपयोगाच्या आहेत. आपल्या वसई-विरारमध्ये असं घर एकच नाही.

आधी मुलाची तक्रार.

त्याला आम्ही विचारलं, राहुल भेके हे नाव ऐकलंय? ऐकलं नव्हतं. सुनील छेत्री ठाऊक होता, मेस्सी तर होताच. राहुल भेके आपल्या मुंबईचा, मराठी मुलगा, जन्म डिसेंबर १९९०चा. त्याची उमेदीची वर्षं मुंबई एफसी या क्लबात गेली. तेव्हा त्या क्लबाचे प्रशिक्षक होते खालिद जमील. पुढे राहुल कोलकात्याला ईस्ट बंगालमध्ये गेला, केरळ आणि पुण्याच्या संघांतून खेळला आणि २०१७ मध्ये बंगळुरूला पोहोचला. या सगळ्या काळात त्याचं काम एकच, समोरच्याला गोल मारू न देणं.

भारताची जर्सी त्याला मिळाली जून २०१९ मध्ये, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये. वय अठ्ठावीस. या वयात बऱ्याच खेळाडूंना घरचे म्हणू लागतात, आता पुरे. पहिलाच सामना कुरासाव या छोट्या बेटाच्या संघाशी होता आणि त्यात भारतावर तीन गोल झाले. बचाव करणाऱ्याचं पदार्पण आणि तीन गोल! स्ट्रायकरचा पहिला सामना गोलाविना गेला तर लोक म्हणतात, पुढच्या वेळी मारेल. बचावपटूला एवढी सवलत कोणी देत नाही.

पण तीनच महिन्यांनी, १० सप्टेंबर २०१९ला, भारत दोह्यात कतारशी खेळला. कतार तेव्हा आशियाचा विजेता. आपला कर्णधार छेत्री आजारी, संघाबाहेर. त्या रात्री भारताच्या मागच्या फळीत उजवीकडे राहुल भेके, मध्ये आदिल खान आणि संदेश झिंगन, डावीकडे मंदार राव देसाई. कतारचे फटके एकामागून एक येत राहिले. काही यांनी अडवले, काही गोलरक्षक गुरप्रीतने. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते ०-०.

आम्ही मुलाला म्हणालो, "तू गणितात शून्य आणलंस तर आई रागावते. या चौघांनी आणि गुरप्रीतने शून्य आणलं तेव्हा सारा देश खूश झाला. डिफेन्सची कमाई म्हणजे हे शून्य."

तो हसला, पण पटलेलं दिसलं नाही. मग आदिल खानची गोष्ट सांगितली. आदिल गोव्याचा. तो आधी मैदानाच्या मध्यावर खेळायचा. भारताकडून २०१२ मध्ये खेळला आणि मग वर्षानुवर्षं बोलावणंच आलं नाही. पुण्याच्या क्लबात त्याला मागे, बचावात उभं केलं. तुझ्या भाषेत, डिफेन्सला टाकलं. त्याच जागेवरून तो सात वर्षांनी, २०१९ मध्ये, भारतीय संघात परतला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला कोलकात्याच्या भरलेल्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये बांगलादेश एका गोलाने पुढे होता. दुसरा गोल होणार असं वाटलं तेव्हा रेषेवरून चेंडू काढणारा आदिलच, आणि ८८व्या मिनिटाला डोक्याने बरोबरीचा गोल करणाराही आदिलच.

खेळाचे सर बाजूला ऐकत होते. त्यांनी आपल्या पद्धतीने समजावलं. "पुढे खेळणारा दहा वेळा चुकून एकदा जमवतो आणि हिरो होतो. तुला दहाही वेळा जमवायचंय. पायावर उडी मारू नकोस, आधी वाट अडव. चेंडूकडे बघशील तर तो फसवेल. समोरच्याच्या कमरेकडे बघ, ती खोटं बोलत नाही. आणि बोलत राहा. मैदान सगळ्यात चांगलं तुलाच दिसतं, मागे कोण सुटलाय ते तूच सांगायचंस." बोलायचं आहे म्हटल्यावर मुलाचा चेहरा जरा खुलला. वर्गात बोलण्यावरूनच तर त्याला रोज ओरडा बसतो.

आता आईची तक्रार. ती जास्त अवघड आहे, कारण ती खरी आहे.

आईचं म्हणणं एवढंच की यातून रोजी मिळणार आहे का? मोठी नावं सांगून तिची बोळवण करणं आम्हाला योग्य वाटलं नाही. राहुल भेकेचंच आयुष्य हिशोबाने पाहू. चांगले दिवस भरपूर आहेत. मार्च २०१९ मध्ये अंधेरीच्या मैदानावर, म्हणजे त्याच्याच शहरात, इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात त्याने ११७व्या मिनिटाला हेडर मारला आणि बंगळुरूने गोव्याला १-०ने हरवलं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीकडून रियाधला इराकच्या एअरफोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल त्याचाच. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. मे २०२४ मध्ये मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून त्याने लीगचा चषक उचलला.

आणि दुसरी बाजू? तो ज्या मुंबई एफसीत घडला तो क्लब २०१६-१७ च्या हंगामात तळाला गेला आणि पुढे नाहीसाच झाला. त्याआधी २०१०ला महिंद्रा युनायटेड बंद पडला, २०१५ला पुणे एफसी, आणि २०१९ला एफसी पुणे सिटी. दहा वर्षांत आपल्या महाराष्ट्रातले चार क्लब गेले. एवढ्यावर थांबलं नाही. २०२४ मध्ये राहुल बंगळुरूला परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या क्लबाने जाहीर केलं की मुख्य संघाचे पगार बेमुदत थांबवत आहोत. लीग चालवण्याचा करारच अधांतरी होता, सप्टेंबरात हंगाम सुरू झालाच नाही. देशाकडून खेळणाऱ्याच्या क्लबाची ही गत, तर आपल्या गल्लीतल्या मुलाला आम्ही कशाची हमी द्यावी?

त्याच दिवसांत दुसरं एक घडलं. खालिद जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. सप्टेंबरच्या सुरुवातीला ताजिकिस्तानात भारत ओमानशी तिसऱ्या जागेसाठी खेळला, सामना पेनल्टीवर गेला आणि आपण जिंकलो. ज्या तिघांनी पेनल्टी मारल्या त्यांत राहुल भेके होता. वय चौतीस. पुढच्याच महिन्यात सिंगापूरकडून हरून भारताची आशियाई करंडकाची वाट बंद झाली, तेही खरं.

पूर्वी बरं होतं, असं म्हातारे खेळाडू म्हणतात. रेल्वे, बँका, एअर इंडिया, गिरण्या यांचे संघ असायचे. सकाळी सराव, मग कामावर हजेरी, महिन्याला पगार. आता पैसा मोठा आहे पण कराराचा आहे, एक-दोन वर्षांचा. गुडघा गेला की करारही गेला.

म्हणून आईला आम्ही म्हणालो, "भाभी, फुटबॉलवर घर चालेल असं आम्ही म्हणणार नाही. पण खेळ बंद केला की अभ्यास आपोआप होईल, असंही नाही. मैदानावर गेला नाही तर तो मोबाईलवर जाईल."

मग काय करायचं? आम्ही चार गोष्टी सांगितल्या, त्या इथे मांडतो.

पहिली, बारावीपर्यंत शाळा सोडायची नाही, कोणी कितीही मोठं स्वप्न दाखवलं तरी. शालेय स्पर्धांतूनच, सुब्रतो कपसारख्या, मुलं वर जातात. खेळाचे सवलतीचे गुण दहावी-बारावीच्या मुलालाच मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, पण तिथेही शिक्षणाची अट आहेच.

दुसरी, कागदपत्रं. आपल्या घरांत ही मोठी अडचण. जन्मदाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहद', शाळेत नुसतं पाळण्यातलं नाव. जन्मतारीख तर आजीच्या आठवणीवर. वयोगटाच्या स्पर्धेत वय काटेकोर तपासलं जातं. चांगली मुलं खेळात नाही, कागदावर बाद झालेली आम्ही पाहिली आहेत. महापालिकेच्या दाखल्यापासून शाळेच्या रजिस्टरपर्यंत नाव आणि तारीख एकसारखी आहे का, आजच काढून बघा.

तिसरी, निवड चाचणीसाठी कोणी मोठी रक्कम मागितली तर सावध व्हा. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी दागिना मोडून एका माणसाला पैसे दिले. मुलगा बॅग भरून स्टेशनवर बसला, माणूस आलाच नाही. त्यांनी आधी आम्हाला विचारलं नव्हतं आणि आम्हीही वेळेवर चौकशी केली नव्हती. ती चूक अजून सलते.

चौथी, झोप आणि जेवण. डाळ, अंडी, भाकरी आणि रात्री दहाला अंथरूण, एवढं पुष्कळ झालं. महागड्या पावडरी नकोत.

संध्याकाळी मुलाचे अब्बा रिक्षा गेटपाशी लावून आले. त्यांना आम्ही अनस एडाथोडिकाची गोष्ट सांगितली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा मुलगा. घरची परिस्थिती अशी की त्याने ऑटोरिक्षा चालवली. व्यावसायिक खेळाची त्याची वाट मात्र आपल्या महाराष्ट्रातून गेली, आधी मुंबई एफसी, मग पुणे एफसी. २०१७ मध्ये जमशेदपूरच्या क्लबाने त्याला पहिल्या निवडीत १ कोटी १० लाखांना घेतलं. भारताकडून पहिला सामना तो त्याच वर्षी खेळला, वयाच्या तिसाव्या वर्षी. आणि जानेवारी २०१९ मध्ये आशियाई करंडकात, बहरीनविरुद्ध, पहिल्या काही मिनिटांतच जायबंदी होऊन त्याला बाहेर यावं लागलं. बांगलादेशविरुद्धच्या ज्या सामन्यात आदिलने गोल केला, त्यात आदिलच्या शेजारी हाच अनस उभा होता आणि उजवीकडे राहुल भेके.

अब्बा शांतपणे ऐकत होते. मग बोटं मोजत म्हणाले, "सर, हा तेरा वर्षांचा. म्हणजे अजून सतरा वर्षं रिक्षा मलाच चालवायचीय." सगळेच हसलो. नंतर ते गंभीर झाले. "दहावीपर्यंत खेळू दे. पण नापास झाला तर बूट मी स्वतः विकणार." खेळाच्या सरांनीही शब्द दिला की सराव मगरिबच्या वीस मिनिटं आधी संपेल. आईने मान हलवली. तो होकार होता की नाराजी, ते नीट कळलं नाही.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका शाळेशी सामना झाला. आम्ही हरलो, ०-१. गोल याच्याच बाजूने झाला. समोरचा मुलगा चेंडू घेऊन आला, याने घाईने पाय टाकला आणि तो बगलेतून निघून गेला. तोवर तासभर याने किती चेंडू काढले ते कोणाच्या लक्षात नव्हतं. या एका चुकीनंतर मात्र मैदानाच्या कडेला उभ्या प्रत्येकाच्या तोंडी याचंच नाव होतं. परत येताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. आम्ही काही बोललो नाही. अशा वेळी मोठ्यांनी गप्प राहावं, हे शिक्षकाला फार उशिरा कळतं.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही वह्या तपासत बसलो होतो. मैदानावरून आवाज आला, "मागे बघ! डावीकडे सुटलाय!" खिडकीतून पाहिलं. गोलासमोर, मागच्या फळीत, तोच उभा होता आणि पुढच्या सगळ्यांना ओरडून सांगत होता.

गणिताची ट्यूशन त्याने त्या आठवड्यात बुडवली नाही. पुढचं पुढे बघू. वाचकहो, तुमच्या घरातही असा कोणी असेल तर एकदा मैदानावर जाऊन उभे राहा. त्याने किती गोल मारले ते नंतर विचारा. किती होऊ दिले नाहीत, ते आधी विचारा.