लाकडी पाय कुणी चोरला?

मैत्रिणींनो, आमच्या वाचनगटात फ्लॅनरी ओ'कॉनर या अमेरिकन कॅथलिक लेखिकेची ‘गुड कंट्री पीपल’ (१९५५) ही कथा मी मराठीतून सांगितली. संपताच एकजण म्हणाली, ‘बरी जिरली तिची!’ ते वाक्य अजून मला सलतं आहे.

कथेतली हल्गा ३२ वर्षांची. दहाव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात तिचा पाय गेला. तत्त्वज्ञानात पीएच.डी., देव न मानणारी, आईच्या शेतावर अडकलेली. बायबल विकणारा एक तरुण दारी येतो. त्यालाच नादी लावायचा तिचा बेत. पण कोठाराच्या माळ्यावर तो गोडीगुलाबीने तिचा लाकडी पाय काढून घेतो. मग बायबल उघडतो, तर ते आतून पोकळ! त्यात व्हिस्की आणि अश्लील चित्रांचे पत्ते. पाय घेऊन तो पसार होतो.

माझ्यासाठी जो जीव गमावील त्याला तो गवसेल, असं ख्रिस्त सांगतो. पाय हवाली करताना हल्गाला तसंच वाटतं. फक्त ख्रिस्ताच्या जागी हा भामटा! बरेच समीक्षक म्हणतात, तिचा गर्व मोडला, आता ईश्वरी कृपेची वाट मोकळी झाली. वाट मोकळी झाली म्हणता, पण पायाशिवाय ती माळ्यावरून उतरणार कशी?

उपरोधाचं टोक हल्गाकडे आहे, हे मी नाकारत नाही. ओ'कॉनर स्वतः ल्यूपसने आजारी होती, आईच्या शेतावर कुबड्यांवर वावरत लिहायची. १९६४ साली, ३९व्या वर्षी ती गेली. हल्गाला हसताना ती स्वतःलाही हसली असणार. पण तेच टोक आईकडेही वळतं, ते कुणी का बघत नाही? बायबल उशाशी असतं, अशी थाप ती मारते; ते पडलेलं असतं अडगळीत. त्या तरुणाला जेवायला तीच बसवते. शेवटी पाय चोरून निघालेल्या त्याला लांबून पाहून म्हणते, किती साधा मुलगा!

आपल्याकडे शिकलेली बाई फसली की शेजारपाजार म्हणतो, ‘फार शहाणी झाली होती ना!’ फसवणारा मात्र चांगल्या घरचाच राहतो. धर्माच्या नावाने तोच निवाडा या कथेवर लादू नका. ‘बरी जिरली’ म्हणण्याआधी एवढंच विचारा: पाय कुणी चोरला, आणि चोराला सज्जन कुणी ठरवलं?