परत आलेले पत्र आणि काळी यादी



गारखेड्यातील आमच्या अभ्यासिकेतून दर महिन्यास एक वृत्तपत्रक ई-मेलने सुमारे अडीचशे घरी जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, जातवैधता प्रमाणपत्रास लागणारे कागद, वसतिगृहाचे प्रवेश, अशी कामाची माहिती त्यात असते. गेल्या वर्षी आपल्याच एका मुलीची शिष्यवृत्तीची मुदत टळली. तिचे वडील सूतगिरणी चौकात भेटले व म्हणाले, "सर, या वेळी तुमचं पत्र आलंच नाही." पत्र आम्ही पाठविले होते. पण ते परत आले होते, आणि परत आलेले ते पत्र आमच्यापैकी एकानेही उघडून वाचले नव्हते!

चौकशी केली तेव्हा कळले की, आमच्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत गेला आहे. हे कळताच बैठकीत एक तरुण कार्यकर्ता उसळून म्हणाला, "हा बहिष्कारच आहे!" त्याचा संताप आम्ही समजू शकतो. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. परंतु नेमक्या त्याच कारणास्तव तो शब्द आपण स्वस्त करता कामा नये. प्रत्येक बंद दार बहिष्काराचे नसते. दार का बंद झाले, याचे लेखी कारण आपल्या हाती असताना ते न वाचता आरोप करणे, हे विवेकी माणसाचे लक्षण नव्हे.

टपालाने गेलेले पत्र परत येई तेव्हा पोस्टमनचा शेरा लिफाफ्यावर असे: "पत्ता अपुरा", "गाव सोडून गेले", "घेण्यास नकार". ई-मेलही असाच शेरा घेऊन परत येतो. फक्त तो आकड्यांत असतो. आकडा ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती. सर्व्हर स्वतःच काही काळ पुनःपुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू झाला तर नकार कायमचा. ५५० व त्यापुढे ५.१.१ असेल तर तशी टपालपेटीच अस्तित्वात नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे. ५.७.१ म्हणजे पेटी आहे, पण तुमचे पत्र नियमाने नाकारले. या तीन शेऱ्यांवरचे उपाय तीन निरनिराळे आहेत. पहिल्यात पत्ता यादीतून काढावा, दुसऱ्यात त्या घरी फोन करावा, तिसऱ्यात मात्र आपले स्वतःचे घर तपासावे.

काळी यादी का निघाली, तेही पाहिले पाहिजे. १९७८ साली अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना न विचारता जाहिरात पाठविली. अनाहूत टपालाचा आरंभ तेथून सांगतात. पुढे त्याचा पूर लोटला. तो अडविण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात अशा याद्या निघाल्या. १९९८ साली स्थापन झालेली स्पॅमहाऊस ही संस्था त्यांपैकी प्रमुख होय. अनेक टपालसेवा पत्र स्वीकारण्यापूर्वी अशी यादी पाहतात. यादी पत्र पाठविणाऱ्या संगणकाचा क्रमांक व त्याचे संकेतनाम पाहते; पाठविणाऱ्याची जात तिला ठाऊक नसते.

आता आमचे दोष ऐका. एका कार्यक्रमाच्या हजेरीवहीतील सारे पत्ते आम्ही न विचारता यादीत घातले. ज्याने हजेरी लावली त्याने पत्रास संमती दिली, हे आम्ही कोणत्या न्यायाने ठरविले? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे. स्वतःच्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांनी दुसऱ्याच्या या लहानशा हक्काची पायमल्ली करावी काय? पत्र 'स्पॅम' ठरविणाऱ्यांचे प्रमाण हजारी तीनच्या खाली ठेवा, असे गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून बजावले आहे. तोंडी हिशेब करा: अडीचशे घरांत एकाने जरी ते बटण दाबले, तरी मर्यादा ओलांडली जाते!

दुसरा दोष असा की, मेलेल्या पत्त्यांवर आम्ही वर्षानुवर्षे लिहीत राहिलो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून बंद करीत आहे. अशा पत्त्यांवर पुनःपुन्हा पत्र धाडणारा स्वतःच संशयास पात्र ठरतो. तिसरा दोष, आमच्या पत्रास ओळखच नव्हती. आपल्या नावाने कोणता सर्व्हर पत्र पाठवू शकतो हे सांगणारी एसपीएफ नोंद, पत्रावरची डीकेआयएम ही सही, आणि या दोहोंपैकी काहीच जुळले नाही तर काय करावे हे सांगणारी डीमार्क नोंद, या तिन्ही आम्ही केल्या नव्हत्या. बिनसहीच्या अर्जावर कोणती कचेरी विश्वास ठेवते?

तथापि सारा दोष आपलाच, असेही आम्ही म्हणत नाही. स्वस्त सेवेत एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहक असतात; त्यांतील एकाने घाण केली की शिक्षा सर्वांना होते. शेजाऱ्याच्या अपराधासाठी निरपराधास दंड, हा न्याय नव्हे. येथे मात्र स्पष्टपणे बोलावे: सेवा देणाऱ्याकडे लेखी कारण मागावे, स्वच्छ सर्व्हर मागावा, न मिळाल्यास सेवा बदलावी. यादीतून नाव काढण्याचा अर्जही करता येतो. स्पॅमहाऊस त्यासाठी एक पैसाही घेत नाही. तिच्या नावाने पैसे मागणाऱ्यास दारात उभे करू नये. परंतु आधी दोष दूर करावा, मग अर्ज करावा. अन्यथा नाव पुन्हा यादीत जाईल.

वाचकहो, या कामी तुमचाही वाटा आहे. आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडा. आपल्या संस्थेचे पत्र तेथे दिसले तर "हे स्पॅम नाही" असे नोंदवा व आमचा पत्ता जतन करा. पत्र नको असेल तर नाव कमी करण्याचा दुवा दाबा. आम्ही त्याचा राग मानणार नाही. पत्ता बदलला तर कळवा. आम्ही आमच्या परीने हजेरीवहीतील नावे काढली आहेत, तिन्ही नोंदी केल्या आहेत आणि परत आलेली पत्रे वाचण्याचे काम एका कार्यकर्त्यास नेमून दिले आहे. मुदतीची पत्रे परत आली तर त्या घरी त्याच दिवशी फोन जातो.

त्या मुलीचे गेलेले वर्ष आम्ही परत देऊ शकत नाही. तिच्या वडिलांची आम्ही क्षमा मागितली आहे. पुढच्या मुलीची मुदत आमच्या आळसापायी टळू नये, एवढे मात्र आमच्या हाती आहे.