उसना विचार आणि पुसलेलें नांव

परीक्षेच्या वेळीं शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकावणाऱ्या विद्यार्थ्यास आपण सर्वजण दोषी ठरवितों. इसवी सन २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनीं परीक्षांतील कॉपीविरुद्ध मोठी मोहीम चालविली व तिची वाखाणणी जिल्ह्याबाहेरहि झाली. परंतु तोच विद्यार्थी भ्रमणध्वनीवर सांपडलेला एखादा निबंध जसाच्या तसा उतरून घेतो, खालीं आपलें नांव घालतो आणि शाळेच्या वार्षिकांकाकडे पाठवितो, तेव्हां त्यास कोणी कॉपी म्हणत नाहीं. उलट मुलगा छान लिहितो, असें घरचीं माणसें कौतुकानें सांगतात. माझ्या मतें हें दुसरें कृत्य पहिल्याहून वाईट आहे. पहिल्यानें फार तर परीक्षक फसतो. दुसऱ्यानें, ज्यानें तो निबंध श्रमपूर्वक लिहिला तो मनुष्यच नाहींसा होतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. अगदीं नवा विचार जगांत आहे तरी कोठें? सर्वच लेखक पूर्वजांचें ऋण काढून लिहितात, मग बिचाऱ्या विद्यार्थ्यासच दोष कां द्यावा? आक्षेपांतील पूर्वार्ध खरा आहे. विचारावर कोणाची मालकी नसते, हें कायद्यासहि मान्य आहे. एका नाटकावरून चित्रपट उचलल्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं हेंच सांगितलें कीं, संरक्षण मिळतें तें मांडणीस, नुसत्या कल्पनेस नव्हे. तेव्हां विचार अवश्य घ्यावा. घेतल्यावर देणाऱ्याच्या नांवाचें काय केलें, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचें उत्तर आम्हां नांदेडकरांस दूर शोधावयास नको. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं ज्या ग्रंथास नांदेड येथें गुरुपद दिलें, तो ग्रंथसाहेब एका मनुष्यानें रचिलेला नाहीं. पांचवे गुरु अर्जनदेव यांनीं १६०४ सालीं त्याचें संकलन पुरें केलें, तेव्हां त्यांत कबीर, रविदास, फरीद यांच्या वाणीबरोबर आपल्या नामदेवांचींहि पदें घेतलीं. आज तीं एकसष्ट पदें त्यांत आहेत आणि प्रत्येक नामदेवांच्याच नांवानें आहे. परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानिलेलें नरसी गांव नांदेडपासून फार लांब नाहीं. तेथून पंजाबांत गेलेली ही वाणी पंजाबी ग्रंथांतून पुन्हां गोदेच्या तीरीं आली, आणि एवढ्या प्रवासांत नांव मात्र पुसलें गेलें नाहीं. त्याच ग्रंथांत आणखी एक सूक्ष्म व्यवस्था आहे. नानकांच्या मागून आलेल्या गुरूंनींहि आपल्या पदांत ‘नानक’ हीच मुद्रा घातली. म्हणून प्रत्येक रचनेच्या शिरोभागीं ‘महला’ असा शब्द व त्यापुढें गुरूचा क्रमांक दिला, कीं हें पद पहिल्या गुरूंचें, तिसऱ्यांचें कीं नवव्यांचें, हें वाचकास कळावें. जेथें सर्वांनीं आपण होऊन एकच नांव पत्करिलें, तेथेंहि ही दक्षता बाळगिली गेली.

इकडे मराठींत काय झालें? नामदेवांच्या गाथेंत पुढें होऊन गेलेल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले. कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, हें ठरवितांना अभ्यासक अद्यापि थकतात. येथें कोणी बुद्ध्या चोरी केली असें नव्हे. पण नांवाची निष्काळजी झाली म्हणजे दोन कवींचें एकाच वेळीं नुकसान होतें, तें असें.

बुद्ध्या केलेल्या चोरीचें उदाहरण तुकारामांच्या गाथेंतच आहे. सालोमालो नांवाचा एक गृहस्थ तुकोबांचे अभंग घेई व ‘तुका’ काढून तेथें आपलें नांव बसवी. तुकोबांनीं त्यावर अभंग रचिले, आणि त्यांतील तक्रार केवळ स्वतःपुरती नाहीं. संतांचीं वचनें मोडून त्यांचे आपल्यासाठीं अलंकार घडविले, असा त्यांचा आरोप आहे. हेच तुकोबा स्वतः ऋणको होते आणि तें लपवीत नसत. संतांचीं वचनें आपण पाठ केलीं आणि नामदेवांनीं स्वप्नांत येऊन आपणांस कवित्वाचें काम सांगितलें, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. उसनें दोघांनींहि घेतलें. एकानें सांगितलें, दुसऱ्यानें पुसलें. शुभवर्तमानकार लूकहि आरंभींच सांगतो कीं, आपल्यापूर्वीं पुष्कळांनीं हा वृत्तांत लिहावयास घेतला होता व प्रत्यक्ष पाहणारांची हकीकत आपण नीट शोध करून लिहीत आहों.

आतां लातूरकडे वळूं. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जें नांवाजलेलें आहे, त्याची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. गरिबांचीं कितीतरी मुलें त्या वाटेनें डॉक्टर झालीं. परंतु आदर्श उत्तर पाठ करण्याची जी संवय रसायनशास्त्रांत शोभते ती निबंधांत शोभत नाहीं. सूत्र लिहितांना न्यूटनचें नांव घेतलें नाहीं तरी चालतें. निबंधांत मात्र मुलास वाटूं लागतें कीं, स्वतःचें वाक्य म्हणजे धोका व दुसऱ्याचें म्हणजे गुण. अलीकडे तर विषय सांगितला कीं यंत्रच निबंध लिहून देतें. पुढें हाच मुलगा संशोधन करितो, तेव्हां विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम त्यास आडवा येतो: साम्य शेंकडा दहापर्यंत असल्यास दंड नाहीं, त्यापुढें वाढत्या प्रमाणांत शिक्षा. हा नियम हवाच. पण तो शब्द मोजतो. इंग्रजी लेखाचें भाषांतर करून खालीं आपलें नांव घातलें, तर तें त्या मोजणींत सहसा सांपडत नाहीं.

म्हणून आरंभ शाळेंतच व्हावा. आपल्या अंकांतील प्रत्येक लेखाखालीं ‘आधार’ अशी एक ओळ असावी व तींत पुस्तकाचें, गुरुजींचें, आजीचें अथवा यंत्राचें, जें खरें असेल तें नांव लिहावें. आजीनें सांगितलेली गोष्ट तिच्या नांवानें छापून आली, तर लेखास कमीपणा येईल असें मला वाटत नाहीं. आजीस मात्र अंक दाखवितां येईल. या नियमानें पहिल्या वर्षीं लेख निम्मेच येतील, हें उघड आहे. येऊं द्यावेत. अंक पातळ निघाला तर छपाईचा खर्चहि तेवढाच वांचेल.