२,५०० ची रेष आणि आपलं कपाट

दिवाळीत मामाकडे गेले होते, हिंगणघाटजवळच्या गावात. अंगात नवा काळा टी-शर्ट. 'तीन घ्या, ९९९ द्या' वाला. मामाने ओट्यावर बसल्या बसल्या बाहीचं टोक दोन बोटांत धरलं, चोळलं आणि विचारलं, "हे कायचं आहे वं?"

"कॉटन आहे मामा."

मामा नुसता हसला. रात्री मी आतल्या शिवणीतलं लेबल शोधून वाचलं. ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के कॉटन. मागच्या खोलीत पहिल्या वेच्याचा कापूस पडलेला, आणि त्याच्यावर बसून फोटो काढणारी भाची पॉलिस्टरमध्ये!

गंमत सोडा, पण मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण कपडे घेताना नेमकं काय बघतो? रंग, फिटिंग, किंमत. किंमतही मोठ्या अक्षरातली तेवढीच. त्यात या वर्षी 'कपडे स्वस्त झाले' ही बातमी इतक्यांदा ऐकलीय की सीताबर्डीच्या मेन रोडवर शिरताना आपोआप हात सैल होतो. म्हणून आधी ही स्वस्ताई कोणाच्या वाट्याला आली ते बघू.

२२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. आधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता ५ टक्क्यांची हद्द २,५०० पर्यंत गेली आणि त्याच्या वर थेट १८ टक्के. ही किंमत एका नगाची, संपूर्ण बिलाची नाही, आणि कर धरायच्या आधीची. पाच टी-शर्ट मिळून तीन हजार झाले म्हणून १८ टक्के लागत नाहीत.

आता तुमचं कपाट उघडा. चारशेचा टी-शर्ट, सहाशेचा कुर्ता, आठशेची ट्राउझर. यांवर आधीही ५ टक्केच होता, आजही ५ टक्केच आहे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण जे कपडे घेतात, त्यांत या बदलाने एक रुपयाही वाचलेला नाही. पूर्वी करासकट १,९९९ ला मिळणारी जीन्स १,८७५ च्या आसपास यायला हवी. तीच दुकानात अजून १,९९९ ला लटकलेली असेल तर विचारा, "काका, नवीन रेट कोणता?" लाजू नका. आणि प्लेसमेंटच्या मुलाखतीसाठी चार हजारांचा ब्लेझर घेणार असाल, तर त्यावर आधी ४८० रुपये कर होता, आता ७२०. लग्नसराईतला घागरा, शेरवानी यांचंही तेच.

खरा फायदा झालाय बुटांत, आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. हजाराच्या वरच्या बुटांवर १८ टक्के होते, आता २,५०० पर्यंत ५. करासकट दोन हजारांचा जोड जवळपास सव्वादोनशेने उतरायला हवा. घ्यायचेच असतील तर या वर्षी बूट घ्या.

एक मजेशीर गोष्ट हिशेब करताना सापडली. २,५०० वर ५ टक्के लावले की होतात २,६२५. २,५०० च्या जरा वर १८ टक्के लावले की होतात साधारण २,९५०. म्हणजे मधल्या सव्वातीनशे रुपयांत करासकटची कोणतीच किंमत नीट बसत नाही. २,७९९ ला विकलेला कुर्ता ५ टक्क्यांत बसवायला जा, मूळ किंमत २,५०० च्या वर जाते. १८ टक्क्यांत बसवायला जा, ती २,५०० च्या खाली येते! असा कुर्ता कोणी दिला तर पक्कं बिल मागा आणि त्यावर कर किती टक्के लावलाय ते बघा. दर ठरतो तो प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर. टॅगवर ३,२०० असलं आणि सूट जाऊन २,६०० द्यायचे असतील तर कर ५ टक्केच बसतो.

पण माझ्या मते या बदलातली मोठी गोष्ट टॅगवर नाहीच, ती लेबलवर आहे. याच फेरीत कृत्रिम धाग्यांचा, म्हणजे मुख्यतः पॉलिस्टरचा, कर उतरला. तंतूवर १८ टक्के होते, सुतावर १२. दोन्ही आता ५. कापसाच्या सुतावर आधीपासूनच ५ होते, तिथे काही हललं नाही. कापड गिरण्यांची ही जुनी मागणी होती आणि ती चुकीची नव्हती, कारण कच्च्या मालावर जास्त आणि कापडावर कमी कर ही उलटी गंगाच होती. पण परिणाम बघा. आधीच स्वस्त असलेलं पॉलिस्टर आणखी सोयीचं झालं. कापसाची बाजू मात्र वेगळीच चालली होती. १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने पोळलेल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून. ऐन वेचणीत.

आपल्या शहराला तर ही दोन टोकं एका रस्त्यावर भेटतात. वर्धा रोडने निघा. आधी पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते आणि पुढे बुटीबोरीत इंडोरामाचा पॉलिस्टरचा कारखाना. आणि इकडे शहरात, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला जी एम्प्रेस मिल सुरू केली, तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. त्याच टाटा समूहाचं झुडिओ आज आपल्या पिढीचं हजाराच्या आतलं दुकान आहे. मिल ते मॉल, दीडशे वर्षांत.

मग कापूस स्वस्त झाला तर कॉटनचा टी-शर्ट स्वस्त का होत नाही? मी मामाच्या वहीत हिशेब मांडला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. क्विंटलभर कापसातून सरकी काढली की ३४ किलोच्या आसपास रुई उरते. दोनशे ग्रॅमच्या टी-शर्टला, वाया जाणारं धरून, साधारण पाऊण किलो कापूस लागतो. म्हणजे साठ रुपयांचा. आता भाव क्विंटलमागे हजाराने पडला तर मामाचं कंबरडं मोडतं, आणि तुमच्या टी-शर्टमध्ये फरक पडतो साडेसात रुपयांचा. तेवढ्यासाठी कोणी टॅग बदलत नाही. मामा वहीकडे बघत म्हणाला, "मंग बाकीचे पैसे कोठी जाते?" सूत, विणाई, रंग, शिलाई, गाडीभाडं, दुकानाचं भाडं, जाहिरात. मी यादी वाचत गेले, तो ऐकत गेला.

पॉलिस्टर वाईटच असं मी म्हणत नाही हं. सकाळी फुटाळ्याला पळायला जाणाऱ्याला ते बरं पडतं. पावसाळ्यात होस्टेलच्या दोरीवर कॉटन तीन दिवस ओलं राहतं, पॉलिस्टर एका रात्रीत वाळतं. पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना, दुपारी दोनच्या लेक्चरला ते घालून बसा, मग बोलू.

माझा तो काळा टी-शर्ट सहा धुण्यांत गोळे धरून बसला. आता फक्त झोपताना घालते. ३३३ रुपये भागिले दहा-बारा वेळा, म्हणजे एका वेळेला तीसेक रुपये. त्याच्या आधीचा सातशेचा सुती कुर्ता दीड वर्ष आठवड्यातून एकदा घालतेय. सत्तर-पंच्याहत्तर वेळा झाले, म्हणजे दहा रुपयांच्याही खाली. महाग कोणता पडला? तेव्हापासून दुकानात मी आधी कपडा उलटा करते. शिवण ओढून बघते, कापड उजेडासमोर धरते, लेबल वाचते. मग घरी असलेल्या कोणत्या तीन कपड्यांवर हा चालेल, ते मनात मोजते. तीन सापडले नाहीत की हँगर परत. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. सुती घेत असाल तर पहिल्या धुण्यात आटेल तेवढी जागा ठेवा.

आणि ज्यांना या सीझनला लग्नात मिरवायचंय किंवा मुलाखतीला जायचंय, त्यांनी गांधीबागेत एक चक्कर मारा. तयार कपड्यावर २,५०० ची रेष आहे, ताग्यातून कापून घेतलेल्या कापडाला ती नाही. कापड कितीही भारी असो, ५ टक्केच. आणि गल्लीतल्या टेलरची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणीही लागत नाही. ब्लेझर शिवून घेतला तर शिलाई वेगळी जाते, मान्य, पण खांदा तुमच्या मापाचा येतो आणि वजन वाढलं तर उसवायला आत कापड शिल्लक असतं.

आतेबहिणीच्या लग्नासाठी मी तेच केलं. साडेतीन मीटर सुती-रेशमी कापड घेतलं आणि टेलर काकांकडे टाकलं. तारीख मिळालीय १२. लग्न १४ ला आहे. टेलरची १२ म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून मी त्यांना लग्न ११ ला आहे असं सांगून ठेवलंय.