तयम्मुमची नमाज अपुरी नसते

2018 सालची गोष्ट. माझी मामेबहीण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे तिची नजर लहानपणापासून कमी होत गेली होती. पुस्तकं मैत्रिणी मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करून द्यायच्या, पेपर लेखनिकाकडून लिहून घ्यायची. लेखी पेपर सगळे सुटले. अडलं ते भूगोलाच्या प्रात्यक्षिकात. नकाशा काढणं, समोच्च रेषा वाचणं, पट्टीने अंतर मोजणं हे सगळं डोळ्यांचं काम.

तिच्यासोबत मी कॉलेजात गेलो. प्रात्यक्षिकाला लेखनिक चालत नाही, असं सांगण्यात आलं. मग विषय बदलून द्या, म्हटलं. मुदत संपली होती. तोंडी परीक्षा घ्या, किंवा नकाशाऐवजी एखादा प्रकल्प द्या, असंही ती स्वतः म्हणाली. उत्तर आलं, "असा नियम नाही." आम्ही सलाम करून बाहेर पडलो. दोन महिन्यांनी तिने कॉलेज सोडलं. मामू म्हणाले, "जाऊ दे बेटा, अल्लाहची मर्जी." मीही मान डोलावली.

आज मला त्या मान डोलावण्याची शरम वाटते. ती अल्लाहची मर्जी नव्हती, एका टेबलामागच्या माणसाची होती. आणि नियम होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली संसदेत मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. म्हणजे आम्ही त्या टेबलापुढे उभे होतो तेव्हा तो देशात लागू होता. या कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे. अंधत्व, बहिरेपण, हातापायांची दिव्यांगता यांच्यासोबत डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही त्यात आहेत. कलम 17 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य बदल करावेत. उदाहरणं दिली आहेत ती अशी: जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या विषयातून सूट. जादा वेळ आणि लेखनिक हे शब्द निदान कानावरून गेलेले असतात. अभ्यासक्रमातही बदल मागता येतो, हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

यावर लगेच प्रश्न येतो, तो प्रामाणिकही असतो. असं विषय वगळत, बदलत गेलं तर पदवीला अर्थ काय उरला? शरीररचनाशास्त्र न शिकता कुणाला डॉक्टर करायचं का?

नाही करायचं. पण आधी एवढं तरी विचारा की या पदवीचा गाभा काय आहे आणि केवळ रिवाज काय आहे. अमेरिकेत या प्रश्नावर 1997 मध्ये एक खटला गाजला. बोस्टन विद्यापीठाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परकीय भाषेऐवजी दुसरा विषय द्यायला सरसकट नकार दिला होता. न्यायालयाने सांगितलं की असा विचार न करता नकार देता येणार नाही. जाणकारांनी बसून तपासावं की भाषा हा त्या पदवीचा खरोखर गाभा आहे का. विद्यापीठाने समिती नेमली, समितीने भाषा आवश्यकच असल्याचं कारणांसह मांडलं आणि न्यायालयाने ते मान्य केलं. म्हणजे विद्यार्थी शेवटी हरले. तरी मला हा खटला महत्त्वाचा वाटतो. संस्थेला "नाही" म्हणता येतं, पण विचार करून आणि कारण देऊन. माझ्या बहिणीच्या वाट्याला तेवढाही विचार आला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात हीच दिशा दाखवली. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. दिव्यांगता 40 टक्क्यांच्या आत, म्हणून लेखनिक नाकारला गेला. न्यायालयाने निकाल दिला की लेखनिकाचा हक्क फक्त 40 टक्क्यांवरच्यांना आहे असं नाही. योग्य ती सोय नाकारणं हा भेदभाव आहे, आणि कोणाला कोणती सोय लागेल हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवायचं असतं. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्र सरकारने 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगता असून लिहायला अडचण येणाऱ्यांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या.

आता थोडं आपल्या घरात डोकावतो. कारण सगळा दोष कॉलेजवर टाकून मला मोकळं होता येणार नाही.

आपल्याकडे मुलीची दिव्यांगता लपवली जाते. प्रमाणपत्र काढलं तर रिश्ते येणार नाहीत, ही भीती. मुलाला वाचता-लिहिता येत नसेल तर तो आळशी, कामचोर. त्याला गॅरेजवर लावा. आणि सवलत मागायची म्हटलं की खुद्दारी आड येते. "आम्ही कुणापुढे हात पसरत नाही." मामू हेच म्हणायचे. मुसलमान म्हणून आधीच बोट दाखवलं जातं, त्यात आणखी एक मागणी कशाला, हाही विचार मनात असतो. तो मी समजू शकतो. पण खैरात आणि हक्क यांत फरक आहे, आणि तो आपल्या दीनने तर आपल्याला फार आधी शिकवला आहे.

पाणी मिळत नसेल किंवा पाण्याने आजार वाढणार असेल तर वजूऐवजी तयम्मुम करतात. त्या नमाजला कुणी अर्धी नमाज म्हणतं का? उभं राहता येत नसेल तर बसून पढावी, बसताही येत नसेल तर पडून, इशाऱ्याने. कायमच्या आजारामुळे रोजा झेपत नसेल तर फिद्या आहे. नमाज माफ झालेली नाही, रीत बदलली आहे. मशिदीत मागच्या सफमध्ये खुर्चीवर नमाज पढणाऱ्या चाचांना कुणी विचारत नाही की तुम्हाला ही खास सवलत का. मग वर्गातल्या खुर्चीवर बसलेल्या मुलीलाच हा प्रश्न का?

सूरह अबसाचा प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकला आहे. पैगंबर (स.) कुरैशच्या प्रतिष्ठितांशी बोलत असताना अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) काही शिकण्यासाठी आले. त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, आणि कुरआनने त्याबद्दल टोकलं. शिकायला आलेल्या अंध माणसाकडे पाठ फिरवणं ही किती मोठी गोष्ट मानली गेली, हे त्यावरून कळावं. पुढे हेच सहाबी मदिनेत अजान द्यायचे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मागा, आणि लेखी मागा. प्रवेश घेतानाच अर्ज द्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको. अर्जात तीन गोष्टी लिहा: अडचण काय आहे, कोणती सोय हवी, आणि ती शक्य नसेल तर कोणता पर्याय चालेल. यूडीआयडी कार्ड किंवा डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. पोच घ्या. नकार मिळाला तर तोही कारणासह लेखी मागा. प्राचार्य, विद्यापीठ, आणि तरीही दाद मिळाली नाही तर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय, अशी वाट आहे.

आणि ज्यांना ही गरज नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. लेखनिक व्हा. मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलासोबत दवाखान्यात, कॉलेजात जा. आपल्या अंजुमनच्या, ट्रस्टच्या किती तरी शाळा-कॉलेजं आहेत. तिथल्या विश्वस्तांना विचारा की रॅम्प आहे का, अर्ज कुणाकडे द्यायचा, निर्णय कोण घेतं. कॉलेज आपल्या माणसांचं असलं तरी हे प्रश्न बदलत नाहीत.

माझी बहीण आता घरी शिकवण्या घेते. मागच्या रमजानमध्ये तिला कलम 17 वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "भाईजान, त्या दिवशी हे तुमच्या खिशात असतं तर?"

ते माझ्या खिशात नव्हतं. तुमच्या खिशात असावं, म्हणून हे लिहिलं. ती मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरते आहे. सोबतचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आहे.